स्पायनी राइस-फ्लॉवर उपटून दुसरीकडे लावण्याबद्दल
स्पायनी राइस-फ्लॉवर (पिमेलिया स्पायनेसेन्स) हे ऑस्ट्रेलियातलं दुर्मिळ झुडूप. रस्त्याच्या कामात येणारी त्याची झुडपं उपटून दुसरीकडे लावावीत आणि भोवती कुंपण घालून वणवा लागू देऊ नये, अशी एक सूचना असते. दोन्ही पटत नाही. झुडूप जेमतेम वीतभर दिसतं, पण सोटमूळ खूप खोल जातं. खणताना ते तुटलं की वरची पानं काही काळ हिरवी राहतात आणि मग झाड वाळतं. ते जिथे आहे तिथेच जपलं पाहिजे.

आता आगीबद्दल. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेकडच्या बेसाल्ट मैदानात हे कांगारू ग्रासच्या (थेमेडा ट्रायांड्रा, भारतातही आढळतं) सोबतीने वाढतं. नुसतं कुंपण घातलं की गवत माजतं, वाळकी पाती एकमेकांवर साचतात आणि झुडपाचा, विशेषतः रोपांचा, उजेड तुटतो. म्हणून दर तीन-पाच वर्षांनी उन्हाळ्याच्या शेवटी, बी गळून गेल्यावर, थोडा थोडा तुकडा जाळतात. सगळं एकदम नाही. झुडूप बुडापासून पुन्हा फुटतं. त्याची फुलं फिकट पिवळी, पाकळ्यांसारख्या चार भागांची, तिथल्या शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत म्हणजे एप्रिल ते ऑगस्टमध्ये येतात, त्यामुळे मोजणी तेव्हाच करावी. एरवी काटेरी टोकाच्या फांद्या गवतात सापडत नाहीत. मोजताना नर-मादी वेगळं नोंदवा. बहुतेक झाडं एकलिंगी असतात, त्यामुळे चार-पाच झाडं उरलेल्या जागी सगळी नरच निघाली तर बी धरणारच नाही.