अंदाजपंचे दाहोदरसे : तुमचा डेटा नेमका जातो कुठे?

"तुला महिन्याला किती डेटा लागतो?" असं कुणालाही विचारून बघा. "भरपूर लागतो" किंवा "मला कुठे एवढा लागतो", यापैकी एक उत्तर येतं. आकडा कुणी सांगत नाही. रिचार्ज करताना मात्र बोट आकड्यावरच ठेवायचं असतं, आणि शंका आली की आपण एक पायरी वरचा प्लॅन घेऊन मोकळे होतो. म्हणून हा धागा. ज्यांनी आपला वापर मोजून पाहिला असेल त्यांनी लिहा : काय निघालं, कात्री कशाला लावली, प्लॅन बदलला का, बदलून पस्तावलात का. फक्त कंपन्यांची नावं आणि भाव टाकू नका. ते बदलत राहतात, मग दोन महिन्यांनी इथे येणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो.

सुरुवात मी करते. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये सिमच्या पानावर ॲपनिहाय डेटा वापर दिसतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. हा हिशोब दर महिन्याला एका ठरावीक तारखेला शून्यापासून सुरू होतो आणि ती तारीख बदलता येते, तिकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही. मी ती रिचार्जच्या तारखेशी जुळवली आणि फोन नेहमीसारखाच वापरत राहिले. मुद्दाम काटकसर केली असती तर मोजण्यात अर्थच नव्हता. महिनाअखेर निघाले ७ जीबीच्या आसपास. प्लॅन होता रोज २ जीबीचा, म्हणजे २८ दिवसांचे ५६! घरी वायफाय, कामावर वायफाय. मोबाइल डेटा चालतो तो मधल्या येण्याजाण्यात. उरलेला कोटा रोज मध्यरात्री वाया. आता मी रोजच्या कोट्याऐवजी पूर्ण मुदतीसाठी एकगठ्ठा डेटा देणारा छोटा प्लॅन घेते. एखाद्या दिवशी ३ जीबी गेले तरी अडत नाही, पुढचे चार दिवस काहीच जात नाही.

ज्यांना महिनाभर थांबायचं नाही त्यांच्यासाठी एक गणित. १ एमबीपीएस (सेकंदाला दहा लाख बिट; आठ बिटांचा एक बाइट) वेगाने एखादी गोष्ट तासभर चालू राहिली की ४५० एमबी जातात. बाकी सगळं त्या पटीत. गाणी १६० केबीपीएसने (१००० केबीपीएस म्हणजे १ एमबीपीएस) ऐकलीत तर तासाला ७२ एमबी, ३२०ने ऐकलीत तर १४४. दिवसभर गाणी लावून बसणारे उगाच घाबरतात असं माझं मत झालंय.

*

गाण्यांचं पटलं. खरा खादाड व्हिडिओच. माझा रोज ट्रेनमध्ये जाऊन-येऊन दोन तासांचा प्रवास आहे आणि तेवढा वेळ मालिका चालू असते. जुन्या फोनवर रोजच्या कोट्यात आरामात भागायचं. ५जी फोन घेतला आणि त्याच मालिका, तोच प्रवास, तरी परतीच्या वाटेवर "तुमचा ९० टक्के डेटा संपला" असा मेसेज यायला लागला. कारण सोपं आहे. व्हिडिओची क्वालिटी "ऑटो"वर असते. नेट जितकं वेगवान, तितकं चित्र आपोआप वरच्या दर्जाचं. ४८०पीला तासाला साधारण अर्धा जीबी जातो, १०८०पीला ॲपप्रमाणे दीड ते तीन जीबी, आणि ४केला काही ठिकाणी सातपर्यंत.

ॲपच्या सेटिंगमध्ये "मोबाइल नेटवर्कवर" आणि "वायफायवर" अशी वेगळी क्वालिटी ठेवता येते. मोबाइलवर ४८०पी करून ठेवलं. हातातल्या पडद्यावर मला काही फरक जाणवत नाही. शेजारच्या सीटवरून वाकून बघणाऱ्यांनीही अजून तक्रार केलेली नाही. आणि शक्य असेल तेव्हा रात्री वायफायवर दोन भाग डाउनलोड करून ठेवतो. बोगद्यात अडकत नाही हा वरचा फायदा.

*

आईच्या फोनबद्दल लिहिते. तिचं म्हणणं, "अगं, मी नेट वापरतेच कुठे? नुसते मेसेज तर बघते." आणि दर महिन्याला दहा-बारा जीबी गेलेले. एकदा शेजारी बसून तिचा फोन उघडला. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये "स्टोरेज अँड डेटा" आहे, त्यात "मीडिया ऑटो-डाउनलोड". मोबाइल डेटावर काय काय आपोआप उतरवायचं, तिथे फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट, चारही खुणा चालू. नातेवाइकांचे गट सहा. सकाळी सात ते आठ या वेळात सुप्रभाताचे व्हिडिओ, एकच व्हिडिओ तीन गटांत, आणि आईने न उघडताच सगळे फोनमध्ये जमा. गॅलरी उघडली तर उगवता सूर्यच सूर्य.

फोटो सोडून बाकीच्या तीन खुणा काढल्या. आता व्हिडिओवर तिने स्वतः बोट लावलं तरच तो उतरतो. दोन दिवस "माझा फोन बिघडवलास" हे ऐकून घेतलं. मग तिला कळलं की व्हिडिओखाली तो किती एमबीचा आहे ते लिहिलेलं असतं. आता मामीला फोन करून सांगते, "अहो वहिनी, तुमचा तो पस्तीस एमबीचा होता हो, नाही बघितला."

वापर आला २ जीबीच्या आत. तिचं मुख्य काम बोलण्याचं, त्यामुळे कॉल भरपूर, डेटा थोडा आणि मुदत लांब असा प्लॅन घेतला. मोठ्या माणसांच्या बाबतीत मला मुदत डेटापेक्षा महत्त्वाची वाटते. नंबर बंद पडला की बँकेचे ओटीपी अडतात.

*

एवढं कोण मोजत बसणार? अनलिमिटेड घ्या आणि झोपा.

*

वरच्या साहेबांना : घ्या की, पण अनलिमिटेडखालची बारीक अक्षरं वाचून. बहुतेक ठिकाणी "योग्य वापर" नावाची मर्यादा असते, ती ओलांडली की नेट बंद होत नाही पण वेग पडतो. किती पडतो हे पाहायचं. काही प्लॅनमध्ये तो ६४ केबीपीएसवर येतो. वरच्या गणिताने तासाला जेमतेम २९ एमबी. २ एमबीचा एक फोटो पाठवायला चार मिनिटांहून जास्त लागतात. साधे मेसेज जातात, वेबपेज उघडता उघडता जीव जातो. हॉटस्पॉटसाठी वेगळी, कमी मर्यादा असू शकते, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

*

हॉटस्पॉटचा विषय निघालाच आहे तर. मी घरून काम करतो, वायफाय गेलं की लॅपटॉप फोनला जोडतो. लॅपटॉपच्या दृष्टीने फोन म्हणजे आणखी एक वायफाय, त्यामुळे तो निवांतपणे विंडोजचे अपडेट उतरवायला घेतो, क्लाउडच्या फोल्डरमधल्या फायली सिंक करतो, ब्राउझरमधले उघडे पंचवीस टॅब आपापलं काम करत राहतात. फोनच्या यादीत हे सगळं "हॉटस्पॉट" या एका ओळीत दिसतं, आतलं काही कळत नाही. उपाय : विंडोजमध्ये त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन "मीटर्ड कनेक्शन" चालू करायचं. मग मोठे अपडेट थांबून राहतात. हे त्या-त्या नेटवर्कपुरतंच असतं, म्हणजे घरच्या वायफायवर परिणाम नाही.

दुसरं, मीटिंगा. व्हिडिओ कॉलमध्ये आपण बघतो तेवढाच डेटा लोक धरतात. आपला चेहरा वर पाठवायलाही तितकाच लागतो आणि अपलोडसुद्धा प्लॅनमधूनच कापलं जातं. दोघांचा साधा कॉल दोन्ही बाजूंनी ६००-६०० केबीपीएस धरला तरी तासाला ५४० एमबी. कॅमेरा बंद ठेवला की वर जाणारा भाग जवळजवळ नाहीसा होतो. साहेबांना "नेट स्लो आहे" सांगायला हे कारणही चांगलं आहे. माझ्यापुरतं म्हणाल तर मुख्य प्लॅन लहानच ठेवला आहे आणि वायफाय गेल्याच्या दिवशी फक्त डेटाचं ॲड-ऑन टाकतो. वर्षाचा हिशोब केला तर कायमचा मोठा प्लॅन घेण्यापेक्षा हेच स्वस्त पडतं.

*

आयफोनवाल्यांसाठी एक गोष्ट. मोबाइल डेटाच्या पानावर "करंट पीरियड" असं लिहिलेलं असतं, म्हणून माझा भाऊ तो महिन्याचा आकडा समजत होता. २१० जीबी बघून त्याने सर्वांत मोठा प्लॅन घ्यायची तयारी केली. तो हिशोब महिना संपला म्हणून शून्यावर येत नाही. पानाच्या अगदी तळाशी "रिसेट स्टॅटिस्टिक्स" आहे, शेवटचं कधी केलं तेही तिथे दिसतं. त्याने ते कधीच केलेलं नव्हतं, म्हणजे आकडा कित्येक महिन्यांचा. रिचार्जच्या दिवशी रिसेट करायची आठवण लावून ठेवा.

त्याच पानावर तळाकडे "वायफाय असिस्ट" आहे. वायफायचा सिग्नल कमजोर झाला की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. हे मुळातच चालू असतं. आतल्या खोलीत झोपून व्हिडिओ बघणाऱ्यांनी ते बंद करून बघावं. अँड्रॉइडच्या काही फोनांतही अशी सोय असते, नाव वेगळं. आणि आयओएस १३पासून, म्हणजे २०१९पासून, "लो डेटा मोड" आहे. अँड्रॉइडमध्ये "डेटा सेव्हर" ७.० आवृत्तीपासून, २०१६ला आला. दोन्ही मुख्यतः न उघडलेल्या ॲप्सचा मागच्या दाराने चालणारा वापर आवळतात. उघड्या ॲपमधल्या छोट्या व्हिडिओंचं त्यांना फारसं काही करता येत नाही. तुम्ही एक बघत असता तेव्हा पुढचे एक-दोन आधीच उतरत असतात.

*

मी दिवसभर गाडीवर फिरून सर्व्हिस कॉल करतो. मॅप चालू असतो सकाळपासून संध्याकाळपर्यंत, त्यामुळे सगळे म्हणतात तुला मोठा प्लॅन लागत असणार. मॅपला तासाला थोडेच एमबी लागतात, उपग्रहाचं चित्र चालू केलं तर वाढतात. माझ्या भागाचा मॅप मी वायफायवर ऑफलाइन उतरवून ठेवलाय, मग तेही वाचतात. माझा डेटा जातो तो कामाआधीचे-नंतरचे फोटो ऑफिसच्या गटात टाकताना, आणि त्याहून जास्त तेच फोटो बॅकअपला पुन्हा वर जाताना. बॅकअप फक्त वायफायवर केला, काम झालं.

*

प्लॅनची तुलना करताना मी काय करतो ते सांगतो. आधी किमतीला दिवसांनी भागतो. २८ दिवसांच्या प्लॅनला लोक "महिन्याचा" म्हणतात, पण वर्षात असे १३ रिचार्ज होतात, १२ नव्हे. मग किमतीला जीबीने भागतो, पण जाहिरातीतल्या जीबीने नाही, माझ्या मोजलेल्या जीबीने. रोज २ जीबीचा प्लॅन प्रति जीबी स्वस्त दिसतो कारण भागाकारात ५६ घातलेले असतात. मी त्यातले १२ वापरत असेन तर भाव साडेचार पटींहून जास्त झाला. मोजलेल्या आकड्यावर थोडी वाढ धरतो, पाव भाग पुरे होतो. आणि वर्षभराचा प्लॅन स्वस्त पडत असला तरी नव्या जागी रेंज कशी आहे ते कळेपर्यंत घेत नाही.

*

धागाकर्ती : १३ रिचार्जचा मुद्दा माझ्याही डोक्यात आला नव्हता. दोन सिम वापरणारे कुणी आहेत का इथे? कॉल एका सिमवर, डेटा दुसऱ्यावर ठेवून दोन्हीकडे लहान प्लॅन घेतले तर एकूण स्वस्त पडतं का, आणि रेंज गेली की फोन आपोआप दुसऱ्या सिमचा डेटा ओढतो ते बंद करून चालतं का, हे वापरून पाहिलेल्यांकडून ऐकायचं आहे.

*

आहे मी. ते "ऑटोमॅटिक डेटा स्विचिंग" पहिल्याच दिवशी बंद केलं, कॉलला काही अडचण आली नाही. डेटाची वॉर्निंग आणि लिमिट मात्र दोन्ही सिमला वेगवेगळी लावावी लागते. प्लॅन एकूण स्वस्त पडले का, ते कागद काढून उद्या लिहितो.