कोठ्यातली जुनी अँबेसेडर नागपूरला न्यायची आहे, हूक नेमका लावायचा कुठं?

अभि_दारव्हा
नमस्कार मंडळी. आमच्या आजोबांची अँबेसेडर मार्क 2 आहे, 1972 ची, दारव्ह्याजवळ वावरातल्या कोठ्यात कितीतरी वर्षांपासून उभीच आहे, बाजूनं सोयाबीनचं कुटार, टायर बसलेले, मागचं एक चाक तं फिरतच नाही. नागपूरच्या एका गॅरेजवाल्यानं रिस्टोअर करून देतो म्हटलं. गावातले म्हणून राहिले की बंपरले साखळी टाक, ट्रॅक्टर लाव, रोडवर आली की तशीच टोचन करून नेऊ. मले बंपरचं काही पटत नाही. पण मग लावायची कुठं? वाकून पाह्यलं तं जीपसारखी चेसिस दिसतच नाही, नुसता पत्रा अन् गंज. कोणी अशी गाडी नेली असन तं सांगा ना.

जीपवाला_बुलडाणा
बंपरले साखळी लावशीन तं बंपरच ट्रॅक्टरमागं जाईन भाऊ, गाडी कोठ्यातच राहीन 😀 त्याचे ब्रॅकेट ओढायसाठी नसतातच.
चेसिस दिसत नाही कारण वेगळी चेसिस नाहीच तिले. ही गाडी मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज 3, बॉडी अन् फ्लोअर मिळून एकच सांगाडा. माझ्या जुन्या महिंद्रा जीपले खाली शिडीसारखी जाड चेसिस आहे, तिथं कुठंही शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) टाका, चालते. तुझ्या गाडीत पुढं इंजिनखाली दोन पेटीसारखे मेंबर, म्हणजे पोकळ लोखंडी दांडे आहेत, ते मागं फ्लोअरले वेल्ड होतात, ओढायचं तं तिथंच, अन् एका बाजूनं नाही, दोन्ही बाजूले पट्टा वाटून.
पट्टा जरा लांब घे. दोन फाट्यांमधला कोन वाढला की प्रत्येक फाट्यावरचा ताण वाढते, 120 अंशावर तं एकेका बाजूवर पूर्ण ओढीएवढा लोड येते.

गॅरेजकाका_यवतमाळ
वरचं बरोबर आहे पण गंजाचं आधी पाहा. गाडीखाली शिरायच्या आधी चाकांले ठोकळे अन् जॅकसोबत पक्के स्टँड, विटांवर भरवसा ठेवायचा नाही. मग मेंबरवर हातोडीनं हलकं ठोकून पाहायचं. टणटण आवाज आला तं ठीक, भद्द आवाज आला किंवा पेचकस आत घुसला तं तिथं हूक लावायचाच नाही, रंग कितीही चांगला दिसो. काळ्या मातीची ओल धरून उभी गाडी खालूनच सडते.
माझं मत विचारशीन तं शक्य असन तर मागून ओढ. मागचा एक्सल सलग आहे, कमानपाट्यावर बसलेला, पाट्याच्या यू-बोल्टजवळ हाउसिंगले दोन्हीकडून पट्टा गुंडाळायचा. फक्त ब्रेकचा पाइप त्याच एक्सलवरून जातो, तो पट्ट्याखाली दबला नाही पाहिजे. पुढं स्टिअरिंगचा टाय रॉड, सस्पेन्शनचा टॉर्शन बार, रेडिएटरची पट्टी याइले काहीच बांधायचं नाही. टाय रॉड वाकला की गाडी एकीकडं अन् चाक दुसरीकडं.
जाम चाक आधी मोकळं कर. हँडब्रेकची केबल ढिली, ब्रेकचा अ‍ॅडजस्टर मागं, ड्रमले चहूबाजूनं हलके ठोके. तेवढ्यानं नाही सुटलं तं ब्रेकचं तेल काढायचं ब्लीडिंग निपल खोल, कधीकधी जुन्या होजपाइपनं आत प्रेशर धरून ठेवलेलं असते. जाम चाकासकट ओढली तं सगळा जोर त्याच सडक्या पत्र्यावर येईन.

अभि_दारव्हा
काका मस्त सांगितलं. गाडीचं तोंड भिंतीकडं आहे म्हणजे मागूनच निघन. नायलॉनचा दोर चालन का? अन् रोडवर आल्यावर टोचन?

फ्लॅटबेड_वर्धा
दोर चालते पण झटका नको. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये, आधी दोर ताणून घ्यायचा मग ओढायचं. नायलॉन ताणते अन् तुटला की टोकाचा लोखंडी हूक गोळीसारखा येते, म्हणून दोरावर मधात ओलं पोतं टाका अन् लेकराइले दूर हाकला, आमच्याकडं गाडी निघाली की अख्खा गाव दोराजवळच उभा राह्यते.
टोचन नागपूरपर्यंत? विसरा राजेहो. नियमानं वेग ताशी 25 च्या वर नाही, दोन गाड्यांत 5 मीटरपेक्षा जास्त अंतर नाही, मागच्या गाडीत लायसनवाला माणूस स्टिअरिंगवर पाह्यजे अन् मागं ‘ऑन टो’ची पाटी. दोनशेच्या आसपास किलोमीटर आहे, अन् तुमचे ब्रेक तं मेलेले. दोरानं ओढलेली गाडी थांबवायले तिचे स्वतःचेच ब्रेक लागतात. फ्लॅटबेडच सांगा, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक.
अन् बांधताना बॉडी नाही, एक्सल बांधा. पुढं मागं दोन-दोन 50 एमएमचे रॅचेट पट्टे (खटक्यानं कसायचे), मागचे एकमेकाले क्रॉस करून. एक्सल बांधला की चाकं प्लॅटफॉर्मवर दबून राह्यतात अन् बॉडी आपली पाट्यांवर हलत राह्यते.

जीपवाला_बुलडाणा
मी तं जीप नेहमी चेसिसनंच बांधतो, कधी काही झालं नाही.

फ्लॅटबेड_वर्धा
जीपची गोष्ट वेगळी भाऊ, तिची चेसिस मजबूत आहे. तरी पण चेसिसनं बांधलं तं सस्पेन्शन खाली दाबून बांधा लागते, नाही तं खड्ड्यात गाडी दबली की पट्टा ढिला, वर आली की झटका, अन् हूक सटकला की संपलं. या गाडीच्या गंजक्या मेंबरवर तसं दाबून बांधायची माझी तं हिंमत नाही. पुढं एक्सल नाही म्हणून पुढच्या चाकांवरून टायरचे पट्टे टाका, ते सगळ्यात सेफ. थोडं गेलं की एकदा थांबून सगळे रॅचेट पुन्हा कसा, पहिल्या काही किलोमीटरमध्येच पट्टे ढिले होतात.

गॅरेजकाका_यवतमाळ
हे बरोबर. अन् हायड्रा क्रेन बोलावू नको रे बाबा, स्वस्त पडते म्हणून लोक बोलावतात. पोटाखालून बेल्ट टाकून उचलली की दरवाज्याखालचे सिल आत दबतात, मग दरवाजे लागतच नाहीत. विंचनं (तार गुंडाळून ओढायचं यंत्र) चढव. आरसीचं पुस्तक सोबत असू दे, नसन तं आधी आजोबांची पेटी पाह्य.