‘आलग्लाट’ला मराठीत काय म्हणाल?

रानजाई: जर्मन कथा अनुवादतेय. त्यात एका वकिलाला ‘आलग्लाट’ म्हटलंय. आल म्हणजे ईल मासा, ग्लाट म्हणजे गुळगुळीत. माणूस बोलायला गोड, पण कुठल्याच प्रश्नात सापडत नाही. मी ‘वाम माशासारखा निसटता’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘गुळगुळीत’ केलं. त्यात बेरकीपणा कुठे उरला?

दर्याकाठ: तेल लावलेला पैलवान!

रानजाई: अर्थ बसतो, पण हॅम्बुर्गच्या वकिलाला लाल मातीत कसं उतरवू?

जुनी_पोथी: ‘आल’ संस्कृत ‘अहि’वरूनच आला असणार. मधला ‘ह’ गळला.

मावळतीकर: तसा सोयीने ‘ह’ गाळता येत नाही हो. ‘अहि’चं नातं लॅटिन ‘आंग्विस’शी, म्हणजे सापाशी. त्यावरून ईलला ‘आंग्विला’. ‘आल’चं घराणं वेगळं. इंग्रजी ईल, डच आल, डॅनिश ओल ही त्याची भावंडं. जर्मानिक भाषांपलीकडे त्याचा खात्रीचा माग लागत नाही. क्रियापदही सुरेख आहे : ‘झिश आलेन’, म्हणजे उन्हात ऐसपैस लोळत पडणं.

रानजाई: हॅम्बुर्गचं आलसुप्पं तरी या माशाचंच ना?

मावळतीकर: त्यावर तिथेही वाद आहे. हॅमचं हाड, भाज्या, सुकी फळं घातलेलं आंबटगोड सूप. काहींच्या मते तिथला ‘आल’ म्हणजे स्थानिक बोलीतलं ‘सगळं’, मासा मागाहून पडला.

जुनी_पोथी: बरं, पण आपल्या नदीतल्या ईलला ‘अहिर’ म्हणतात, तो तरी ‘अहि’वरूनच मला वाटतो. अनुवादात सरळ ‘सर्पमीन’ लिहावं. मराठीला स्वतःचा शब्द हवा.

दर्याकाठ: सर्पमीन मागितला तर कोळीण तोंडाकडे बघत राहील. लोक म्हणतात तोच मराठी शब्द. आमच्या रत्नागिरीकडे वाम.

कृष्णाकाठी: आमच्याकडे वांब. पाठीवर काट्यांची रांग असते. हाताला राख चोळल्याशिवाय धरताच येत नाही.

मावळतीकर: ती खरी ईल नव्हे, वेगळ्या कुळातली.

कृष्णाकाठी: कूळ शास्त्रज्ञांनी बघावं. निसटते तर तशीच! ‘वांबेसारखा निसटता’ लिहा, ताई.

दर्याकाठ: वांब कशाला? मूळ शब्द वाम. अनुस्वार देशावर चिकटला.

कृष्णाकाठी: उलट कोकणात गळला. आमच्या आजीच्या तोंडी वांबच होतं.