एका रात्रीसाठी पंचतारांकित हॉटेल: २१ तासांत पैसे वसूल होतात का?

कोरांटी

मत आधीच सांगते: शहरातल्या आलिशान हॉटेलात एकच रात्र राहण्यासाठी पैसे घालू नयेत. राहायचं तर दोन रात्री, नाहीतर सरळ मधल्या दर्जाचं स्वच्छ हॉटेल घ्यावं.

हिशोब मांडून बघा. दुपारी ३ ला चेक-इन, दुसऱ्या दिवशी १२ ला चेक-आउट, म्हणजे कागदावर २१ तास. त्यातले ८ झोपेचे. काउंटरवरचे सोपस्कार, सामान लावणं, आवरणं, परत भरणं यात दोन-अडीच तास जातात. संध्याकाळी चार-पाच तास माणूस बाहेर असतोच, शहरात आलोय तर खोलीत कोण बसणार! उरले सहा. तरणतलाव, स्पा, लाउंज, खिडकीपाशी निवांत बसणं, सगळं त्या सहा तासांत कोंबायचं. याउलट दोन रात्रींचे ४५ तास होतात आणि मधला अख्खा दिवस हाती येतो. खर्च दुप्पट, पण मोकळा वेळ तिप्पट.

दुसरा मुद्दा असा की खोलीतला फरक आता फार उरलेला नाही. बॉस्टनचं ट्रेमाँट हाउस १८२९ मध्ये उघडलं तेव्हा खोलीला स्वतंत्र कुलूप आणि पाहुण्याला साबण, हीच चैन होती. अमेरिकेतल्याच बफलो शहरात १९०८ साली हॉटेलमालक स्टॅटलरच्या हॉटेलात प्रत्येक खोलीला स्वतःचं न्हाणीघर, तर तेवढ्यावर त्याची जाहिरात चालायची. आज हे सगळं मध्यम हॉटेलातही गृहीत धरलेलं असतं. उरते ती माणसांची सेवा. ती ओळख झाल्यावर खुलते, आणि एका रात्रीत ओळख होत नाही.

गोफण

साफ असहमत. २१ तास हे *खोलीचे* आहेत, हॉटेलचे नाहीत. इथेच गणित फसतंय.

सकाळी ११ ला पोचलात तरी काउंटरवर नोंदणी होऊ शकते. ओळखपत्र, कार्ड, सह्या सगळं तेव्हाच उरकून घ्या आणि सामान बेल डेस्कला, म्हणजे पाहुण्यांचं सामान सांभाळणाऱ्या काउंटरला देऊन पावतीचा बिल्ला घ्या. पोहण्याचे कपडे, औषधं, चार्जर मात्र आधीच हातातल्या पिशवीत काढून ठेवा. ते मोठ्या बॅगेत राहिले की पुन्हा बॅग मागवा, उघडा, बंद करा, यातच अर्धा तास जातो. तरणतलावापाशी कपडे बदलायची खोली, शॉवर, टॉवेल असतातच. खोली तयार झाली की फोन करा म्हणून नंबर देऊन निघायचं. जाताना याच्या उलट: १२ ला खोली सोडायची, सामान परत बेल डेस्कवर, आणि संध्याकाळच्या प्रवासाआधी पुन्हा शॉवर. मात्र चेक-आउटनंतर तलाव आणि जिम वापरू देतात का, हे आधी लेखी विचारा. काही हॉटेलं देत नाहीत, काही वेगळे पैसे लावतात.

उशिरा चेक-आउट हवं असेल तर चेक-इन करतानाच मागा. निघायच्या सकाळी मागितलं तर तोवर खोली पुढच्या पाहुण्याच्या नावाने लागलेली असते. मिळालं तर किल्लीचं कार्ड लगेच नव्याने भरून घ्या. कार्डावर मूळ चेक-आउटची वेळ भरलेली असते, ती उलटली की दार उघडत नाही. काउंटरवरच्याने संगणकात वेळ वाढवली म्हणून तुमच्या हातातलं कार्ड आपोआप बदलत नाही. ओल्या केसांनी दारात उभं राहून दिवा लाल लुकलुकताना बघायची वेळ येते ती यामुळे.

सांजवात

गोफण, पद्धत बरोबर आहे, पण 'खोली तयार झाली की फोन' यावर भिस्त ठेवू नका.

बहुतेक लोक ११ ते १२ च्या दरम्यान खोली सोडतात. रिकामी झालेली खोली यादीत आधी 'डर्टी' म्हणून येते. चादरी-टॉवेल काढून ट्रॉलीत, न्हाणीघर धुऊन कोरडं करणं, गादी पाहून पलंग लावणं, धूळ, मिनिबार (खोलीतला पेयं-खाऊचा छोटा फ्रिज), शेवटी जमीन. ही खोली चालू मुक्कामाच्या खोलीपेक्षा बरीच वेळखाऊ. मग सुपरवायझर तपासतो, आणि त्याने 'इन्स्पेक्टेड' केल्यावरच काउंटरला ती देता येते. ज्या दिवशी हॉटेल भरलेलं आणि सगळे एकदम निघालेले, त्या दिवशी ३ ला खोली न मिळणं यात कुणाचा आळस नसतो. एका रात्रीच्या पाहुण्याचा एक तास गेला तर मुक्कामाचा विसावा हिस्सा गेला. म्हणून मला कोरांटीताईंचं म्हणणं अर्धं तरी पटतं.

सकाळी खोली हवीच असेल तर सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे आदल्या रात्रीचंही बुकिंग करायचं. महाग पडतं, आणि यात एक खड्डा आहे. आपण उद्या सकाळी येणार हे हॉटेलला कळवून लेखी होकार घेतला नाही, तर रात्रीच्या हिशोबात तुम्ही न आलेले पाहुणे ठरता आणि पूर्ण बुकिंगच रद्द होऊ शकतं. पैसे भरून सकाळी दारात, आणि नावावर खोली नाही.

खारुताई

चर्चा तासांवरच अडकली आहे. एका रात्रीत झोप एकदाच मिळते. ती बिघडली तर दुसऱ्या रात्री भरून काढायची सोय नाही. दोन रात्री असत्या तर सकाळी खोली बदलून मागता आली असती. म्हणून या मुक्कामात कोणत्या प्रकारची खोली यापेक्षा कोणती खोली हे जास्त महत्त्वाचं.

वरचा मजला म्हणजे शांतता हा समज सोडा. छतावर बार, तलाव किंवा वातानुकूलनाची यंत्रं असतील तर सगळ्यात वरच्या मजल्यावर रात्रभर घरघर येते. लिफ्ट, कर्मचाऱ्यांची पँट्री आणि मेजवानीच्या सभागृहाच्या वरची खोली टाळा. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार. भिंत जाड असते, पण त्या दाराच्या खालच्या फटीतून पलीकडचा टीव्ही शब्दन्‌शब्द ऐकू येतो. आलीच अशी खोली वाट्याला, तर जाडा टॉवेल गुंडाळून फटीला लावा. थोडा तरी फरक पडतो.

हे बुकिंगच्या वेळी 'विशेष विनंती'च्या चौकटीत लिहून विसरू नका. कोणती खोली कुणाला हे साधारण आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी ठरतं. एक दिवस आधी थेट हॉटेलला दोन ओळींचा निरोप पाठवा: मधलं दार नको, लिफ्टपासून लांब, अंगणाकडची बाजू. तीनच गोष्टी. दहा मागितल्या की एकही धड मिळत नाही.

आणि आल्यावर सामान उघडायच्या आधी वातानुकूलन सुरू करून दहा मिनिटं थांबा. काही इमारतींत पाण्याच्या दोनच नळ्या फिरवलेल्या असतात, त्यामुळे एका वेळी सगळ्या इमारतीला फक्त गारवा किंवा फक्त उब मिळते. अशा ठिकाणी बटण कितीही फिरवा, उपयोग नाही. काही खोल्यांत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. माणूस गाढ झोपला की त्याला खोली रिकामी वाटते आणि मध्यरात्री पंखा मंदावतो. हे जाणवलं तर काउंटरला सांगून सेन्सर बंद करता येतो का ते विचारा.

कोरांटी

खारुताई, हे वाचून माझं मत उलट पक्कं झालं. चांगल्या झोपेसाठी एवढी तयारी करावी लागते, तर ती मध्यम हॉटेलातही करता येईल. निरोप पाठवायला पाच तारे लागत नाहीत. तसंही जगभर लागू असं एकच तारांकन नाहीच, निकष ठिकाणानुसार बदलतात.

गोफण

निरोप कुठेही पाठवता येतो. तो वाचायला रात्रपाळीला माणूस किती, हा फरक आहे. रात्री २ ला सेन्सर बंद करायला येणारा तंत्रज्ञ हवा, दुसरी खोली उघडून द्यायचा अधिकार असलेला मॅनेजर हवा. ओळख लागते म्हणता, पण काँसिएर्जच्या, म्हणजे पाहुण्यांना शहराची माहिती आणि मदत देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, कोटाच्या दोन्ही कॉलरवर सोनेरी किल्ल्यांची जोडी दिसली, तर ती 'क्ले दॉर' या त्यांच्या जुन्या संघटनेची खूण. तिथे पहिल्या भेटीतच नेमका प्रश्न विचारायचा: 'उद्या सकाळी तीन तास आहेत, चालत काय होईल?' एका रात्रीवाल्यालाच याची खरी गरज.

वाटाड्या

वादात पडत नाही, पण पैशांचं कुणीच बोललं नाही. चेक-इनला कार्डावर खोलीभाडं अधिक किरकोळ खर्चासाठी काही रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड दिलंत तर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि निघाल्यावर सुटायला काही दिवस लागू शकतात. क्रेडिट कार्डच द्या. बिल दुसऱ्या कार्डाने भरणार असाल तर पहिल्यावरची अडकवलेली रक्कम तिथेच सोडवायला सांगा, नाहीतर दोन्हीकडे पैसे अडकतात. परदेशात मशीन 'तुमच्या चलनात भरणार का' विचारतं, तिथे स्थानिक चलन निवडा. दुसऱ्या पर्यायात दर बहुधा महाग पडतो.

आणि इन्सुलिन मिनिबारमध्ये ठेवू नका. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. मिनिबार आवाज नको म्हणून बहुधा कॉम्प्रेसरशिवायचे असतात, त्यांचा गारवा खोलीच्या तापमानावर हलतो. काही ठिकाणी तर वस्तू उचलली की सेन्सर ती बिलात चढवतो. औषधासाठी वेगळा फ्रिज लागेल, हे खारुताईंच्या त्या आदल्या दिवसाच्या निरोपातच लिहा.