श्रावणबाळचा पगार आणि सभागृहातलं मतदान

"बजेटवर आमदार हात वर करतात, त्यानं म्हाताऱ्यांना काय फरक पडतो?" असं कुणीतरी विचारलंय. पडतो ना भाऊ! राज्याच्या श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनांचा महिन्याचा पगार (म्हणजे पेन्शन) २०२३ च्या बजेटनंतर हजाराचा पंधराशे झाला, तो सभागृहानं मंजूर केलेल्या पैशांतूनच. याउलट इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयाला केंद्राचा वाटा महिना २०० रुपये. (दोनशेत हल्ली भाजीची पिशवी तरी भरते का?) वरचे राज्य घालतं.

खरी गोम घोषणेनंतर असते. तरतूद कमी पडली की पुरवणी मागणी, म्हणजे सभागृहाकडे जादा पैशांची मागणी लागते, आणि डिसेंबरात आपल्या नागपूरच्या अधिवेशनात त्या येतात. मार्चच्या बजेटात तर चर्चेचा वेळ संपला की उरलेल्या खात्यांच्या पैशांच्या मागण्या चर्चेविनाच मताला टाकतात. इकडे इतवारीत एखादी आजी पासबुकावरच्या ओळीवर बोट ठेवून विचारत असते, "पगार जमा झाला का रे बाबू?"

यशवंत स्टेडियमवरून मोर्चे काढा, जरूर काढा. पण आमदाराला हेही विचारा: सामाजिक न्याय खात्याची मागणी मताला आली तेव्हा तुम्ही सभागृहात होते का? एखादी कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करा असं सुचवून खात्याला जाब विचारायचा मार्ग) तरी दिली का?