मदत हवी आहे: परदेशातल्या युद्धाबद्दलचं मत आणि नेत्यांची भाषणं, परिणाम मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. परदेशातल्या युद्धाबद्दल आपलं मत बनतं त्यात नेत्यांच्या भाषणांचा वाटा किती, हा लघुप्रबंधाचा विषय. प्रश्नावलीपाशी गाडी अडलीय.

सुरुवात रशिया-युक्रेन युद्धापासून, युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी मार्च २०२२ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या संसदांपुढे केलेल्या भाषणांपासून केली. युद्ध तेच, वक्ता तोच, पण दर संसदेपुढे आठवण वेगळी. ८ तारखेला ब्रिटिश खासदारांपुढे चर्चिलच्या वळणाचं बोलणं. १६ला अमेरिकन काँग्रेसपुढे पर्ल हार्बर (१९४१चा जपानी हल्ला) आणि ९/११, दुसऱ्या दिवशी जर्मनांपुढे युरोपात उभी राहत असलेली भिंत. २३ला जपानी खासदारांपुढे पर्ल हार्बरचं नावही नाही, तिथे चेर्नोबिल आणि त्सुनामी. पण २० तारखेला इस्रायली खासदारांपुढे ज्यूंच्या संहाराशी केलेली तुलना तिथल्या बऱ्याच जणांना खटकली, काहींनी उघड टीका केली. म्हणजे दुखरी नस अचूक सापडली तरी माणसं वळतीलच असं नाही. मला तर हीच गोष्ट सगळ्यात जास्त अभ्यासण्यासारखी वाटते.

पुतिन यांनीही २४ फेब्रुवारीच्या भाषणात 'नाझीमुक्ती' म्हणून महायुद्धाचीच आठवण जागवली. रशियातली जनमत चाचण्यांची आकडेवारी मात्र मी बाजूला ठेवलीय. मार्च २०२२ मधल्या कायद्याने सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. अशा ठिकाणी कोण मोकळेपणी उत्तर देईल?

आता पुण्याचं. ओळखीच्या काही घरांत सहज विचारून पाहिलं. ज्येष्ठांच्या बोलण्यात १९७१चा भारत-सोव्हिएत करार आणि बंगालच्या उपसागराकडे निघालेलं अमेरिकेचं सातवं आरमार लगेच येतं. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांचा सूर वेगळा. 'हे युग युद्धाचं नाही' हे मोदींचं समरकंदमधलं, सप्टेंबर २०२२चं वाक्य दोघंही आपापल्या बाजूने वापरतात! मग भाषणाने मत बनलं, की आधीच्या मताला भाषणाचा आधार मिळाला?

माझा विचार असा: एकाच भाषणाचे दोन मराठी उतारे करायचे, एकात ऐतिहासिक तुलना ठेवायची, दुसऱ्यात काढायची, आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे. वक्त्याचं नाव सांगावं की झाकावं? सांगितलं तर लोक नावावरच उत्तर देतील. झाकलं तर नेत्याच्या शब्दाला असलेलं वजनच निघून जातं, आणि मला तर तेच मोजायचंय. आधीचं मत उतारा वाचण्यापूर्वी विचारलं तर माणूस सावध होतो, त्यावरही उपाय हवाय. प्रश्नात 'आक्रमण' लिहू की 'कारवाई', यावर गाईड आणि मी अजून एकमत नाही.

मानसशास्त्र किंवा संख्याशास्त्रातल्या कुणी असे प्रयोग मराठीतून केले असतील तर कृपया सांगा, गट केवढे घेतले तेही. शिवाय १९७१ आणि २००३ (इराक) मधले मराठी अग्रलेख सलग वाचायचे आहेत. पुण्यात कुठल्या ग्रंथालयात जुने अंक विद्यार्थ्यांना बसून वाचू देतात, आणि कॉलेजचं पत्र लागतं का?