फ्रंट लोड वॉशिंग मशीन: वास, गळती, उड्या आणि तुमचे किस्से

ओवा
काल शेजारच्या काकूंच्या मशीनमधून पाणी जाईना. मेकॅनिक फोनवरच म्हणाला, "पंप गेलाय, बदलावा लागेल." मी म्हटलं थांबा जरा. खालचं झाकण उघडलं, परात सरकवली आणि फिल्टर हळूहळू सैल केला. आधी काळपट, उग्र वासाचं पाणी आलं. मग दोन सेफ्टी पिना, ब्लाउजचं हूक, तिकिटाचा लगदा आणि शेवटी नातवाचा एक मोजा. आत बोट घालून पंपाचा पंखा चाचपला तर त्यात केसांची पिन आडवी अडकलेली. ती काढली, मशीन लावलं, पाणी गेलं. काकू म्हणाल्या, "एवढंच?"

तेव्हापासून बाबा आठवतायत. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. डोंबिवलीच्या घरी पहिलं फ्रंट लोड आलं तेव्हा बसवायला आलेल्या पोराने मागचे, वाहतुकीत आतला टब घट्ट धरून ठेवणारे बोल्ट काढून खिशात टाकले, ते बाबांनी परत मागून घेतले आणि श्रीखंडाच्या डब्यात चिठ्ठीसकट ठेवले. स्पिरिट लेव्हल लावून चारही पाय स्वतः जुळवले. आई स्टूल टाकून काचेसमोर बसली आणि पहिलं धुणं पूर्ण होईपर्यंत उठली नाही, तिचा अजिबात विश्वास नव्हता. फिल्टर काढायचा दिवस बाबांनी ठरवला होता अमावास्या. कारण काय, तर कॅलेंडरवर छापलेलीच असते, वेगळं लक्षात ठेवायला नको.

तर लिहा आपापले अनुभव. कुठली कंपनी चांगली यावरून भांडणं नकोत, तो विषय वेगळा.

तिखटमीठ
अमावास्या 😂 आमच्याकडे संकष्टीला करते आता. तसाही उपासाने मूड गेलेला असतो.

हडपसरी
आमचं दुखणं वासाचं. टॉवेल धुऊन, उन्हात वाळवूनसुद्धा तोंड पुसलं की कुबट. बायको म्हणे पावडर बदल, आई म्हणे ऊन लागत नाही. एक दिवस दाराचं रबर उलटं करून बघितलं. खालच्या घडीत काळी बुरशी, केस, कसलासा चिकट राखाडी थर. पावडरचा खण ओढून बाहेर काढला तर त्याच्या वरच्या बाजूला, जिथून पाणी पडतं, तिथेही तेच. आमच्याकडे रोज थंड पाण्यावर छोटी सायकल, वर भरपूर लिक्विड आणि कंडिशनर. गरम पाणी मशीनने कधी बघितलंच नव्हतं.

आता महिन्यातून एकदा रिकामं मशीन सगळ्यात गरम सायकलवर. धुणं झालं की रबराची घडी कोरड्या फडक्याने पुसायची, दार आणि खण किलकिले ठेवायचे. कंडिशनर बंद. वास गेला. लगेच नाही गेला, पण गेला.

सईची_आई
@हडपसरी दार उघडं कसं ठेवता? आमची पावणेदोन वर्षांची आत जाऊन बसते. परवा बाहुलीला आंघोळ घालायला निघाली होती.

हडपसरी
ड्राय बाल्कनीचंच दार लावून घेतो. लहान मूल असेल तर मशीनचं दार बंदच बरं, चेष्टा नाही. रात्री ती झोपली की उघडा.

पाना_पक्कड
दुरुस्तीच्या लाईनीत बरीच वर्षं आहे म्हणून जरा लांब लिहितो, दुकानात गिऱ्हाईक नाही आत्ता.

ओवा, तुमच्या बाबांना नमस्कार. ते बोल्ट लोक भंगारात देतात आणि घर बदलताना मशीन तसंच टेम्पोत चढवतात. आतला टब वरून स्प्रिंगवर टांगलेला, खालून डँपरवर, म्हणजे हादरे शोषणाऱ्या दांड्यांवर टेकलेला, त्यात वजनाला सिमेंटचे ठोकळे. रस्त्याच्या खड्ड्यांत हे सगळं आपटतं. उलटंही होतं. बोल्ट न काढता नवीन मशीन सुरू केलं की पहिल्याच स्पिनला ते जागेवरून चालायला लागतं.

आवाज येतो म्हणून बोलावतात, त्यांच्याकडे मी आधी रिकामा ड्रम हाताने फिरवतो. नुसता सुळकन फिरला तर बेअरिंग ठीक, बहुधा नाणं किंवा बटण कुठेतरी अडकलंय. मागून खरखर आली तर बेअरिंग. त्याच्या पुढचं सील झिजतं, पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, मग गंज. बेअरिंग स्वस्त असतं हो, पण बऱ्याच नव्या मशीनचा टब कारखान्यातच चिकटवून बंद केलेला असतो, उघडत नाही. मग अख्खा टब बदला. खर्च ऐकून लोक नवीनच घेतात.

अजून एक. पाणी भरतं, लाईट लागतात, पण ड्रम हलत नाही असं झालं तर जुन्या बेल्टवाल्या मशीनमध्ये आधी कार्बन ब्रश बघायला सांगा. मोटरला वीज पोचवणाऱ्या, पेन्सिलीच्या शिशासारख्या कांड्या असतात, झिजून आखूड होतात. काम स्वस्तातलं आहे. इन्व्हर्टर मोटरला मात्र ब्रश नसतातच. तिचे ब्रश बदलायला निघालेल्याला चहा देऊन रवाना करा.

तिखटमीठ
चहा तरी कशाला

पाना_पक्कड
आमच्या धंद्यातला आहे हो, उन्हातून आलाय बिचारा

वरचा_मजला
आमचा फ्लॅट सगळ्यात वर. गच्चीतली टाकी डोक्यावरच, म्हणजे नळाला जोर शून्य. मशीन पाणी घ्यायला लागलं की घेतच बसायचं, मग पाणी येत नाही म्हणून एरर आणि पिकपिक. दोघे येऊन व्हॉल्व्ह बदलायला निघाले होते. शेवटी सोसायटीच्या प्लंबरने सांगितलं, १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो, तुमची टाकी जेमतेम दोन-अडीच मीटर वर, मशीन मागतं अर्धा बार. छोटा प्रेशर पंप बसवला. जाता जाता त्याने इनलेट पाइप सोडवून व्हॉल्व्हच्या तोंडाची जाळी पक्कडीने बाहेर ओढली, तर ती वाळूने गच्च. टाकी धुतल्यावर ती जाळी काढून बघायची, हे त्याचंच वाक्य.

रंकाळा_रिटर्न
आमचं याच्या उलट. मशीन पाणी घेतच राहायचं, बंदच होईना, मीटर पळतंय, आणि ड्रममध्ये पाणी दिसेना. मला वाटलं खालून गळतंय. फरशी कोरडी ठाक! भाऊजी आले, त्यांनी फक्त मागे वाकून बघितलं. ड्रेनचा पाइप मोरीत जमिनीवर लोळत होता. पाणी भरतंय तसं आपोआप वाहून जातंय की ओ. पाइपाचं तोंड जमिनीपासून दोन-तीन फूट वर पाहिजे, मधे वाक देऊन. भिंतीला क्लिप मारली, झालं काम. भाऊजी आजून प्रत्येक जेवणात हे सांगतात.

कापूसतळणी
आमच्याकडे अकोल्याले बोअरचं पाणी. बादलीले पांढरा थर बसते तर मशीनच्या आत काय होत असन सांगा. पावडर टाकली तर फेसच नाही, म्हणून बाई अजून टाके, अजून टाके. कपडे कडक, काळ्या पँटीवर पांढरे डाग. आता दर दोन-तीन महिन्यांनी १०० ग्रॅम लिंबूसत्त्व रिकाम्या ड्रममधी आणि ६० डिग्रीवर. पहिल्या वेळी फिल्टरमधून खपल्या निघाल्या पांढऱ्या.

पाना_पक्कड
बरोबर करताय. फक्त लिंबूसत्त्वासोबत ब्लीच कधीही टाकू नका, विषारी वायू होतो. आणि हात धुण्याची पावडर फ्रंट लोडला नको. पाणी साधं असेल तर फेसाने ड्रम भरतो, स्पिनच होत नाही, तुम्ही म्हणता मशीन बिघडलं. क्षार आणि पावडरचा राप ड्रमला मागून धरणाऱ्या तीन पायांच्या चौकटीवर साचतो. ते पाय ॲल्युमिनियमचे असतात, खाऊन खाऊन एक दिवस कडकन तुटतात. असे मी बरेच काढलेत, हातात भुगा येतो.

म्युनिकचा_मोरे
इथलंही पाणी क्षाराचंच आहे. दुकानात क्षार घालवायच्या गोळ्या-पावडरींचं अख्खं फडताळ असतं. मशीन तळघरात, प्रत्येक बिऱ्हाडाचं वेगळं, आणि रविवारी शांतता, त्यामुळे लावलं की वरच्या आजी जिन्यात भेटतात. हसून "शुभ रविवार" म्हणतात. त्यातच सगळं आलं. टॉवेल-चादरी मात्र इथे लोक सर्रास ६० वर धुतात, त्यामुळे वासाची तक्रार मी तरी ऐकली नाही.

मावशींची_मालकीण
आमच्या मावशी मशीनवर विश्वास ठेवत नाहीत. कॉलर आणि पायजम्याचे घोटे आधी दगडावर घासतात, मग मशीनमध्ये टाकतात, बाहेर काढून परत एकदा पिळतात. मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या स्पिननंतर काय पिळतात देव जाणे. पण खिसे उलटे करून बघतात, त्यामुळे आमच्या फिल्टरमध्ये काही निघत नाही. पैसे निघाले की टेबलावर वाटीत.

तिखटमीठ
मावशींना सलाम. आमच्याकडे खिशातला टिश्यू पेपर धुतला जातो आणि मग नवऱ्याच्या काळ्या शर्टावर बर्फवृष्टी.

गोधडीवाली
पावसाळा आलाय म्हणून सांगते, रेनकोट, गादीचं वॉटरप्रूफ कव्हर, छत्रीचं कापड मशीनमध्ये टाकू नका. पाणी आरपार जात नाही, आत फुगा होतो, आणि स्पिन सुरू असताना सगळं वजन एकदम एका बाजूला जातं. आमच्या मजल्यावरच्या घरात मशीनची वरची पत्री वाकली आणि काच फुटली. माणूस समोर नव्हता, नशीब.

आणि एकटी गोधडीसुद्धा नको, गोळा होऊन एकीकडे बसते. मशीन तोल सावरत बसतं, ड्रम इकडे-तिकडे फिरवतं, शेवटी हार मानून ओलीच परत देतं. सोबत दोन-तीन टॉवेल टाका.

सातवीण
गोधडी मशीनमध्ये??? आजीने ऐकलं असतं तर

गोधडीवाली
आजीचीच आहे. नऊवारीची. फाटली तर ठिगळ लावते, तीच म्हणायची वापरा.

सातवीण
आमच्या आजीची ट्रंकेत आहे, कोणी हात लावत नाही. तुमचंच बरं.

गिरगावकर_मागे_या
तळमजला, जुनी चाळ. मशीन अचानक मुकं झालं. उचलून बघितलं तर उंदराने वायरी कुरतडलेल्या आणि आत कापसाचं बिऱ्हाड, त्यात माझ्याच बनियनची चिंधी. बऱ्याच मशीनना खालून तळ उघडाच असतो. जाळी मिळते बसवायला, ती लावा. मेकॅनिक म्हणाला पालही सर्किटवर चढून शॉर्ट होते, पाल वाचत नाही आणि सर्किटही नाही.

मालवणी_मसाला
हयसर खारो वारो. लोखंडी स्टँड दोन पावसाळ्यांत कुसलो. आता सिमेंटचो कट्टोच बांधलो मशीनसाठी. वर मांजर झोपता, स्पिन सुरू असलो तरी उठणा नाय.

लक्षात_आहे
दारावरून एक. धुणं संपलं तरी दार उघडत नाही म्हणून आमच्या साहेबांनी हँडल ओढून तोडलं. मिनिट-दोन मिनिटं थांबायचं असतं, कुलूप थंड झाल्यावर टक् असा आवाज येतो, मग उघडतं.

सईची_आई
मला मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, ओल्या फरशीवर जास्त. नॉर्मल आहे का हे?

पाना_पक्कड
ताई, अजिबात नाही. आत्ता प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, तोपर्यंत मशीन वापरू नका. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरवर लावला असेल तर तो आधी फेकून द्या. घरात लहान मूल आहे तुमच्या.

सईची_आई
काढला. अडॅप्टरच आहे 😳 घरमालकांना फोन लावते.

नवा_संसार
सगळं वाचून घाबरलो. पुढच्या महिन्यात घ्यायचंय. टॉप लोडच घेऊ का?

हडपसरी
अहो घ्या बिनधास्त. पाणी कमी लागतं, कपडे कमी झिजतात. फक्त दार, फिल्टर आणि पावडर सांभाळा.

नवा_संसार
आणि चाकाचं स्टँड घेऊ? दुकानदार गळ्यात मारतोय. झाडायला बरं पडेल असं सौ. म्हणते.

पाना_पक्कड
चाकाचं नको, स्पिनला हलतं. सपाट फरशीवर थेट ठेवा, पाय फिरवून समतल करा, पायांचे नट घट्ट करा. भरताना ड्रममध्ये वर हात आडवा जाईल एवढी जागा सोडा.

कापूसतळणी
आणि मागचे बोल्ट मागून घेजा त्या पोराकडून!

तिखटमीठ
ओवा, काकूंनी काही खायला दिलं की नुसतंच "एवढंच?"

ओवा
साबुदाणा वडे दिले. आणि आज सकाळी चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना माझा नंबरही दिलाय. त्यांच्या मशीनचा आवाज येतो म्हणे, मागून, खरखर. @पाना_पक्कड तुमचं दुकान कुठे आहे?